दांडीच्या टोंकाचा मुलूख

शाळेंत भूगोल शिकवितांना अमेरिकेचा नकाशा भिंतीवर टांगला म्हणजे ओक्लाहोमा ह्या राज्यापाशीं माझी छडी नेहमीं क्षणभर थबकत असे. वाचकांनीं नकाशा काढून पाहावा. दांडीचा तवा आडवा धरावा तसा ह्या राज्याचा आकार आहे, आणि ती दांडी पश्चिमेकडे पट्टीनें आंखल्यासारखी सरळ गेलेली आहे. एकदां सातवींतल्या एका चौकस मुलानें विचारलें, "गुरुजी, ही दांडी कशाला?" तेथें नदीची सीमा नाहीं, डोंगराची नाहीं, भाषेची तर नाहींच. "राज्यकारभाराच्या सोयीसाठीं," असें कांहींतरी सांगून मीं वेळ मारून नेली. शिक्षकाला आपलें अज्ञान पुरतें ठाऊक असतें. मुलांना तें कळलें नाहीं एवढेंच समाधान.

गेल्या वर्षीं एप्रिल महिन्यांत आम्ही उभयतां डेन्व्हर येथें चिरंजीवाकडे होतों. "बाबा, तुम्हांला काय पाहावयाचें आहे? ग्रँड कॅन्यन दाखवूं का?" असें त्यानें विचारलें, तेव्हां मीं त्या दांडीच्या अगदीं टोंकाच्या मुलखाचें, सिमॅरन काउंटीचें, नांव घेतलें. तो हंसला. म्हणाला, "अहो, तेथें पाहण्यासारखें कांहींच नाहीं." सूनबाई मात्र म्हणाल्या, "बाबांना जायचं आहे ना, मग जाऊं या." त्याच सुमारास आमच्या पुण्याच्या पुतण्यानें मोबाइलवर एक रंगीत जाहिरातपत्रक धाडलें होतें. आमच्या गांवीं, सिंधुदुर्गांत, सड्यावर चार भावांच्या समाईक मालकीची वरकस जमीन आहे. ती एका मंडळीला विकावी, ते तिचे तुकडे पाडून बंगल्यांसाठीं विकतील, असा बेत होता. थोरल्या दादांनीं सर्वांचें मत मागविलें होतें. माझें उत्तर द्यावयाचें राहिलें होतें.

डेन्व्हरहून निघाल्यावर पर्वत पाठीशीं राहतात आणि अर्ध्या तासांत मनुष्य सपाटीवर येतो. वाटेंत स्ट्रासबर्ग नांवाचें लहान गांव लागतें. फ्रँक झायबॅक नांवाच्या तेथील शेतकऱ्यानें मधल्या खांबाभोंवतीं आपोआप फिरणारें पाण्याचें यंत्र योजिलें व १९५२ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. विमानांतून ह्या प्रदेशावर हिरवीं वर्तुळें ठिपक्यांच्या रांगोळीसारखीं मांडलेलीं दिसतात, तीं ह्या यंत्राचीं. पुढें लिमन, मग आर्कन्सॉ नदीवरचें लामार, मग स्प्रिंगफील्ड. झाडें विरळ होत होत शेवटीं नाहींशींच झालीं. दहा दहा मैलांत घर दिसेना. सौभाग्यवतींनीं विचारलें, "इथें दूध कोण घालत असेल हो?" ह्या प्रश्नांत त्या मुलखाचा सगळा भूगोल आला.

काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्हा असें समजावें. सिमॅरन काउंटीचें क्षेत्रफळ १८४१ चौरस मैल, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाहून किंचित् कमी. सिंधुदुर्गांत २०११ च्या शिरगणतींत साडेआठ लाखांच्या आसपास माणसें होतीं; सिमॅरनमध्यें २०२० सालीं २२९६. पैकीं निम्मीं बॉइस सिटी ह्या मुख्य गांवांत. संपूर्ण अमेरिकेंत चार परराज्यांना भिडणारी हीच एक काउंटी आहे: उत्तरेस कोलोराडो व कॅन्सस, पश्चिमेस न्यू मेक्सिको, दक्षिणेस टेक्सस. पाऊस वर्षाला सोळा ते अठरा इंच. कोंकणांतल्या मनुष्याला तो जुलैच्या एका आठवड्याचा वाटावा. सिमॅरन नदी आम्ही ओलांडली, पण "नदी कोठें आहे?" म्हणून मागें वळून पाहावें लागलें, इतकी वाळू अधिक व पाणी कमी.

आतां दांडीचें कोडें. तें उलगडलें तेव्हां मला माझ्या जुन्या उत्तराची अधिकच लाज वाटली. कारभाराच्या सोयीशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता; तें गुलामगिरीचें कर्म होतें. १८२० सालच्या तडजोडीनें अमेरिकेच्या पश्चिमेकडील प्रदेशांत, मिसुरी राज्य वगळून, साडेछत्तीस अंश उत्तर अक्षांशाच्या वर गुलाम ठेवण्यास बंदी होती. टेक्सस हें गुलाम बाळगणारें राज्य. त्यानें १८५० सालीं त्या रेषेच्या उत्तरेकडील आपला हक्क सोडून दिला. पुढें १८५४ सालीं कॅन्ससची दक्षिण सीमा सदतीस अंशांवर आंखली गेली. मधला अर्धा अंश कोणाच्याच वाट्यास आला नाहीं. पश्चिमेस न्यू मेक्सिकोची हद्द, पूर्वेस चेरोकी लोकांची. त्यांमध्यें सुमारें ३४ मैल रुंद व १६७ मैल लांब अशी पट्टी उरली. शिंप्याच्या दुकानांत कापड बेतल्यावर चिंधी उरते तशी! लोक तिला 'नो मॅन्स लँड', म्हणजे कोणाचीच नसलेली भूमि, असें म्हणूं लागले. आणखी एक गंमत पाहा. 'सिमॅरॉन' हा स्पॅनिश शब्द रानोमाळ पळून गेलेल्या गुरांना व पुढें पळून गेलेल्या गुलामांना लावीत. गुलामगिरीच्या रेषेनें टाकून दिलेल्या भूमीला हें नांव मिळावें, हा योगायोग खराच. पण कोणी कवीनें योजिलें असतें तरी इतकें अन्वर्थक नांव सुचतें ना.

कोणाचीच नसलेली, हेंहि अर्थात् गोऱ्यांच्या कागदांपुरतेंच. कोमांची व कायोवा लोक येथें रानरेड्यांच्या कळपांमागें फिरत. १८२१ पासून मिसुरीहून सांता फेकडे व्यापाऱ्यांचे तांडे जाऊं लागले, व त्यांचा जवळचा पण निर्जल मार्ग ह्याच काउंटींतून जाई. पाण्याच्या ठिकाणीं वालुकाश्मावर त्या वाटसरूंनीं कोरलेलीं नांवें व सालें अजून आहेत. १८७० नंतरच्या दशकांत शिकाऱ्यांनीं रानरेडे जवळजवळ निःशेष केले आणि कळपांबरोबर त्या लोकांचें जीवनहि उखडलें गेलें. मग गुरांचे मालक आले, त्यांच्यामागून शेतकरी. १८५० ते १८९० ह्या चाळीस वर्षांत येथें न्यायालय नव्हतें, आणि जमिनीवर मालकीचा दाखलाहि मिळत नसे. आपल्या शांतिपर्वांत अराजक देशांतील मात्स्यन्यायाचें वर्णन आहे, तें वाचून मला वाटे कीं येथें निव्वळ लुटालूट माजली असेल. चोर व दरवडेखोर होतेच. परंतु वस्ती करणाऱ्यांनीं आपसांत मंडळें नेमून शेतांच्या हद्दी ठरविल्या, इतकेंच नव्हे तर १८८७ सालीं 'सिमॅरन टेरिटरी' नांवाचें सरकारहि उभें केलें. वॉशिंग्टननें त्यास मान्यता दिली नाहीं. शेवटीं १८९० सालीं ही पट्टी ओक्लाहोमाला जोडली गेली, आणि १९०७ सालीं ओक्लाहोमा राज्य झालें तेव्हां तिचे तीन तुकडे पाडून पश्चिमेकडच्या तुकड्यास सिमॅरन काउंटी हें नांव मिळालें.

बॉइस सिटीची जन्मकथा ऐकून मात्र मी चपापलों. १९०८ सालीं एका कंपनीनें सुंदर छापील पत्रकें पूर्वेकडील गांवोगांवीं वाटलीं. त्यांत फरसबंद रस्ते, दुतर्फा झाडी, आगगाडी व आपोआप उसळणारी पाण्याची विहीर, असा थाट होता. पंचेचाळीस डॉलरला एक याप्रमाणें सुमारें तीन हजार भूखंड खपले. 'ब्वा' म्हणजे फ्रेंच भाषेंत झाडी. गांवाचें नांवच झाडीचें! लोक सामानसुमान घेऊन आले तों काय, रस्ता नाहीं, रूळ नाहींत, विहीर नाहीं, आणि सावलीला एक झाड नाहीं. जी जमीन विकली ती कंपनीच्या मालकीचीहि नव्हती. प्रवर्तकांवर खटला होऊन ते तुरुंगांत गेले. फसलेल्यांपैकीं कित्येक परतले. पण कांहीं तेथेंच राहिले आणि त्यांनीं खरेंच गांव वसविलें. आगगाडी आली ती १९२५ सालीं, व पुढल्याच वर्षीं न्यायकचेरीची इमारत उभी राहिली. ती आज गांवाच्या मध्यभागीं, सगळे हमरस्ते जिच्याभोंवतीं वळसा घेतात अशी, उभी आहे. मी तिच्या पायरीवर बसून पुतण्यानें पाठविलेलें पत्रक पुन्हां उघडलें. त्यांतहि दुतर्फा झाडें होतीं.

ह्या काउंटीची खरी संपत्ति म्हणजे तिचें गवत. बोटभर उंचीचें, दिसावयास क्षुद्र, परंतु मुळें कित्येक फूट खोल. हजारों वर्षें वाऱ्याच्या तोंडीं असलेली माती त्यानें मुठींत धरून ठेविली होती. १९०९ च्या कायद्यानें कोरडवाहू प्रदेशांत ३२० एकर जमीन फुकट मिळूं लागली. नंतर पहिलें महायुद्ध आलें, गव्हाचा भाव बुशेलला दोन डॉलरांवर गेला, पाऊसहि कांहीं वर्षें बरा पडला. ट्रॅक्टर आले. गवताची कांबळ उलटून लोकांनीं क्षितिजापर्यंत गहू पेरला. १९३० सालीं काउंटींत ५४०८ माणसें होतीं. इतकी लोकसंख्या शिरगणतींत तेथें पूर्वीं नव्हती व पुन्हां कधीं झाली नाहीं. १९३१ सालीं पीक अमाप आलें, पण मंदीमुळें भाव अर्ध्या डॉलरच्याहि खालीं आला. तोटा भरून काढावयास आणखी जमीन नांगरली गेली. आणि पुढल्या वर्षापासून पावसानें तोंड फिरविलें.

मग ती उघडी माती उठली. ता. १४ एप्रिल १९३५, रविवार. सकाळ स्वच्छ होती, म्हणून लोकांनीं दारें-खिडक्या उघडून धुवाधुवी काढली. दुपार कलतां उत्तरेकडून हजारों फूट उंचीची काळी भिंत चालत आली. पुढें पक्षी पळत होते, पण आवाज नव्हता. स्वतःचा हात दिसेना. त्या वादळांत बॉइस सिटीपासून थोड्या मैलांवर रॉबर्ट गायगर नांवाचा एक बातमीदार सांपडला होता. दुसऱ्या दिवशींच्या त्याच्या बातमींत ह्या सबंध प्रदेशाला 'डस्ट बोल', म्हणजे धुळीचा वाडगा, असा शब्द आला व तोच इतिहासांत रूढ झाला. वाऱ्याच्या घर्षणानें विजेचा भार इतका सांचे कीं मोटारींना मागें सांखळ्या बांधून त्या जमिनीवर लोळवीत नेत. धुळीनें फुप्फुसें भरून मुलें व वृद्ध दगावले. रात्रीं बायका ताटें पालथीं मांडून ठेवीत, ओलीं फडकीं खिडक्यांना लावीत. गुरांना रशियन काटेझुडपें चारलीं गेलीं. पुढल्या एप्रिलांत आर्थर रॉथस्टाइन ह्या सरकारी छायाचित्रकारानें ह्याच काउंटींत एक शेतकरी व त्याचीं दोन लहान मुलें धुळींतून घराकडे निघालेलीं टिपलीं. मागचा चिमुरडा डोळ्यांवर हात धरून धांवतो आहे. तें चित्र जगप्रसिद्ध आहे. पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल.

येथें एका गैरसमजाविषयीं लिहिणें प्राप्त आहे. स्टाइनबेक ह्यांच्या 'ग्रेप्स ऑफ रॅथ' ह्या १९३९ च्या कादंबरीमुळें सर्वांची अशी समजूत झाली कीं धुळीच्या मुलखांतले लोक घरें सोडून कॅलिफोर्नियाला गेले. त्या कादंबरींतलें कुटुंब ओक्लाहोमाच्या पूर्व टोंकाचें, सॅलिसॉ गांवाजवळचें आहे. तेथें धूळ नव्हती. कापसाची मंदी व कुळांना जमिनीवरून काढणें, हें तेथलें दुःख. प्रत्यक्ष धुळीच्या वाडग्यांतील सिमॅरनमध्यें १९४० सालीं ३६५४ माणसें उरलीं. म्हणजे तिघांतला एक गेला आणि दोघे राहिले. माझ्या मतें जाणाऱ्यांची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. राहणाऱ्यांची कोणी फारशी विचारीत नाहीं.

ती मला थोडीशी ऐकावयास मिळाली. गांवांत एक वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या अंगणांत लोखंडी पत्र्याचा प्रचंड डायनॉसॉर उभा केला आहे. तेथें ऐंशीच्या घरांतल्या एक आजीबाई आम्हांला सर्व दाखवीत होत्या. त्यांचे वडील त्या दहा वर्षांत शेत सोडून गेले नव्हते. मीं आदरानें म्हटलें, "मोठें धैर्य म्हणावयाचें." त्यांनीं मान हालविली. "धैर्य कसलें? जायला मोटार लागते, मोटारीला पेट्रोल लागतें. वडील म्हणत, भिकारीच व्हायचं तर ओळखीच्या लोकांत व्हावं. आणि दर वर्षीं म्हणत, पुढच्या वर्षीं पाऊस येईल." "आला?" "आला कीं. उशिरा आला." त्यांचीं मुलें अमॅरिलोला व डेन्व्हरला असतात, शेत खंडानें दिलें आहे. "तुमच्या गांवीं कोण असतं?" त्यांनीं उलट विचारलें. मीं सांगितलें, थोरले बंधु व वहिनी, आणि आमच्या वाडींतलीं बाकीचीं बहुतेक घरें गणपतीपुरतीं उघडतात. त्यांना गणपति काय तें समजावून सांगावें लागलें; कुलूप समजावून सांगावें लागलें नाहीं. २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली, हें आम्हां गांवकऱ्यांना आंकड्यांवांचूनहि ठाऊक होतें.

सरकारला जाग आली ती मातीनें आणली. ह्यू हॅमंड बेनेट हा मृत्तिकाशास्त्रज्ञ वर्षानुवर्षें ओरडत होता कीं जमीन वाहून चालली आहे. १९३५ च्या वसंतांत पश्चिमेची धूळ वॉशिंग्टनवर उतरली आणि ता. २७ एप्रिल रोजीं मृदासंधारणाचा कायदा झाला. उतारास आडवी नांगरट, वाऱ्यास अडविणाऱ्या झाडांच्या रांगा, आणि सगळ्यांत महत्त्वाचें म्हणजे उजाड शेतें सरकारनें विकत घेऊन त्यांवर पुन्हां गवत लावणें. त्यांपैकीं कांहीं जमीन आज 'रिटा ब्लँका राष्ट्रीय गवताळ प्रदेश' ह्या नांवानें राखलेली आहे. आम्ही तेथें उतरलों. मीं वाकून एक झुबका उपटावयास पाहिलें. पातीं हातांत आलीं, मूळ जागचें हाललें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर दुसरी युक्ति निघाली. ह्या प्रदेशाखालीं ओगलाला नांवाचा भूगर्भांतील जलाशय आहे, आठ राज्यांखालीं पसरलेला. त्यांत पंप घालून पाणी उपसलें आणि वाटेंत पाहिलेल्या त्या फिरत्या यंत्रांनीं तें शेतांवर शिंपडलें. कोरड्या माळावर मका पिकला. परंतु हें पाणी पुरातन कालांत सांचलेलें. वर्षाच्या पावसानें त्याची भरपाई थोडीच होते, आणि दक्षिण भागांत पातळी कित्येक ठिकाणीं फार खोल गेली आहे. आजोबांनीं गवत खर्चिलें, नातवांनीं पाणी. दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. आमच्याकडेहि बोअरच्या खोलीवर शेजाऱ्यांची चढाओढ चालते.

एक विनोदी प्रसंगहि ह्या गांवाच्या पदरीं आहे. ता. ५ जुलै १९४३ रोजीं मध्यरात्रीनंतर अमेरिकेच्याच एका लढाऊ विमानानें बॉइस सिटीवर बाँब टाकले! टेक्ससमधील डालहार्ट येथून सरावासाठीं निघालेल्या वैमानिकांनीं वाट चुकून न्यायकचेरीच्या चौकांतले चार दिवे हेंच आपलें लक्ष्य समजलें. सहा बाँब पडले. आंत बहुतेक वाळू होती, म्हणून कोणासहि इजा झाली नाहीं. एका मोटारखान्याचें व देवळाचें नुकसान झालें. गांवानें त्याचें स्मारक केलें आहे, व लोक तें मोठ्या कौतुकानें दाखवितात.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही वायव्य कोपऱ्याकडे केंटन ह्या वाडीस गेलों. तेथें सपाटी एकाएकीं संपते व 'ब्लॅक मेसा' हें काळ्या माथ्याचें पठार उभें राहतें. ओक्लाहोमांतील हें सर्वांत उंच स्थान. उंची ४९७३ फूट. माथ्यापर्यंत जाऊन येण्यास आठ मैलांहून अधिक चालावें लागतें. चिरंजीव गेले, मी पायथ्याशीं राहिलों. दगड हातांत घेतला तो ओळखीचा निघाला. तो बेसाल्ट होता, आमच्या सह्याद्रीचाच दगड! सह्याद्रीचा थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. हा लाव्हा कांहीं लाख वर्षांच्या भाषेंत नव्हे तरी थोड्या दशलक्ष वर्षांच्या भाषेंत बोलणारा, म्हणजे वयानें नातवंड. जवळच रस्ता करतांना १९३१ सालीं डायनॉसॉरचीं हाडें सांपडलीं, व पुढें विद्यापीठानें दुष्काळी कामावरच्या माणसांकडून तीं उकरून काढविलीं. पिकें गेलेल्या लोकांना अशा रीतीनें कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या प्राण्यांनीं रोजगार दिला. केंटनचें घड्याळ बाकीच्या ओक्लाहोमाहून एक तास मागें चालतें, सौभाग्यवती म्हणाल्या, "बरं झालं, चहाला उशीर झाला नाहीं."

१९५० सालीं काउंटीची लोकसंख्या ४५८९ पर्यंत चढली होती. तेव्हांपासून प्रत्येक शिरगणतींत ती उतरतच आहे. रहिवाशांत सुमारें पांचांतला एक आतां स्पॅनिश भाषिकांच्या वंशाचा आहे. गुरांच्या व शेताच्या कामावर तेच लोक अधिक दिसले. गांवांतल्या मुख्य रस्त्यावर दोन दुकानें उघडीं तर एक बंद. पण शाळा चालू होती. मधल्या सुटीची घंटा झाली आणि मुलें वाऱ्याशीं झोंबत मैदानावर धांवलीं, तेव्हां मी कुंपणापाशीं जरा उभा राहिलों. भूगोलाचा तास कोणत्या वर्गाला असेल, आणि दांडीचा प्रश्न तेथें कोणी विचारीत असेल का, असें मनांत आलें.

परत येतांना वाटभर वारा होता. डेन्व्हरला पोंचल्यावर सूनबाईंनीं मोटारीच्या कांचा पुसल्या तों फडकें तांबूस झालें. रात्रीं मीं पुतण्यास लिहिलें. विकावें कीं न विकावें, हें ठरविणें दादांकडे आहे, व त्यांच्या शब्दाबाहेर मी जाणार नाहीं. मीं एवढेंच विचारलें, कीं पत्रकाच्या तिसऱ्या पानावर आपल्या सड्यावर जी भरलेली विहीर दाखविली आहे, ती नेमकी कोणत्या ठिकाणीं आहे, तें दादांना विचारून कळवावें.